सुकेळीची बातमी होईना

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ज्या गृहस्थाला मी आमच्या सुकेळीची हकीकत पणजोबांपासून सांगितली, तो वर्तमानपत्रातला नव्हताच.

आता यात माझी चूक किती, ते तुम्हीच ठरवा. जिना चढून वर गेलो तर समोर एक लांब मेज, मेजावर कागदांचा ढीग, आणि ढिगामागे काळा कोट घातलेला, चष्म्याचा, विद्वान दिसणारा माणूस. मी नमस्कार केला. म्हटलं, "साहेब, मी आगाशीहून आलो." तो म्हणाला, "बसा. बोला." एवढ्या आदबीने 'बोला' म्हणणारा माणूस मुंबईत भेटल्यावर कोण थांबेल? मी बोलत सुटलो. राजेळी केळं कसं असतं, ते अढीत कसं पिकवायचं, सोलून मांडवावर उन्हात कसं वाळवायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात कसं घ्यायचं, मधाच्या रंगावर आलं की केळीच्याच वाळल्या पानात गुंडाळून त्याचा पुडा कसा बांधायचा. तो मान डोलावत होता. मध्येच "वा!" म्हणाला. मी पिशवीतला एक पुडा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उघडला, एक सुकेळं खाल्लं, बोटं चाटली, दुसरं घेतलं.

"छान," तो म्हणाला. "आता माझं ऐका. आमचं भुलेश्वरला छत्र्यांचं दुकान आहे."

मला कळेना. साहेबांचं छत्र्यांचं दुकान? मग उलगडा झाला. तोही माझ्यासारखाच, आपल्या दुकानाबद्दल चार ओळी छापून आणायला आला होता, आणि मीच वर्तमानपत्रातला माणूस आहे असं समजून तासभर माझं ऐकत बसला होता.

"मला वाटलं, आधी तुमचं ऐकून घेतलं की तुम्ही माझं ऐकाल," तो म्हणाला. बिचाऱ्याचा काय दोष? मी त्याच्या छत्र्यांबद्दल ऐकून घेतलं. पुडा संपत आला होता, तेवढं तरी करणं भाग होतं.

पण मी तिथे गेलोच का, ते आधी सांगायला हवं.

आमच्या एकत्र घरात कामं वाटलेली होती. पानवेली, फुलं आणि भाजीपाला दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे. सुकेळी माझ्याकडे. लहानपणी मी अशक्त होतो म्हणून वडिलांनी मला मांडवापाशी कावळे हाकायला बसवलं, आणि मी तिथेच वाढलो. दुसरं मला काही येत नाही. येत नाही असं कुणी तोंडावर म्हणत नसे, पण रहाटाचा बैल माझ्या हातात देताना दादा एकदा बैलाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत असे, त्यात सगळं आलं.

त्या वर्षी कार्तिकातल्या जत्रेनंतर मी नेहमीप्रमाणे दादरला आमच्या दुकानदाराकडे माल घेऊन गेलो, तर त्याने निम्म्याहून जास्त माल परत दिला. म्हणाला, "शेटजी, जुनी माणसं मागत होती. आता पोरं खजूर मागतात, अंजीर मागतात. हे काय आहे म्हणून विचारतात. मी गिऱ्हाईकाला माल विकू की शाळा घेऊ?" मी उतरलेल्या तोंडाने गाठोडं बांधायला लागलो, तर त्याला दया आली. "पेपरात काहीतरी छापून आणा. परवा कुणाच्या तरी लोणच्याबद्दल छापून आलं, तर माणसं कात्रण घेऊन दुकानात आली."

घरी येऊन सांगितलं. लोणच्याचं दादाने ऐकलंच नाही, परत आलेलं गाठोडं तेवढं बघितलं. जेवताना म्हणाला, "पुढल्या जत्रेपर्यंत बघू. तोवर जमलं तर जमलं. नाहीतर राजेळी काढून बसराई लावायची. बसराईचा घड कापला की वखारीत पोचला, कावळे हाकायला नकोत." कावळ्यांचं त्याने उगाच काढलं. वहिनी माझ्या पानात भात वाढत होत्या, त्यांनी एक डाव जास्त वाढला. माझी बायको दाराआड उभी होती. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बोलायची पद्धत नव्हती. नंतर माझ्याशी बोलायची मात्र होती.

"म्हणजे राजेळी गेल्या की तुम्ही काय करणार?" तिने विचारलं.

"दादाच्या हाताखाली."

"रहाटावर?"

"बघू."

"बैलाला विचारलंय का?"

म्हणून मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो.

छत्रीवाल्यानंतर खरा माणूस भेटला. हा उपसंपादक. बारका, कानावर पेन्सिल, गालात पान. उभ्याउभ्याच त्याने विचारलं, "बातमी काय?"

"सुकेळी फार चांगली आहे आमची."

"चांगली आहे ही जाहिरात झाली. जाहिराती खालच्या मजल्यावर. वाईट असेल तर सांगा, मग बातमी होईल."

"वाईट कशी असेल? खाऊन तरी बघा," म्हणत मी पिशवीतला उरलेला पुडा काढला. तो मेजावर ठेवताक्षणी कुठून कुठून माणसं आली. शाईने काळे झालेले हात, चष्मे, एक तर नुसत्या बनियनमध्ये. पुडा कधी संपला कळलं नाही. मला आनंद झाला. म्हटलं, आता एवढी माणसं लिहिणार. उपसंपादकाने रुमालाला हात पुसले आणि विचारलं, "ही विकत कधी मिळते?"

"आमची जत्रेला निघते. कार्तिकात."

"म्हणजे गेल्या आठवड्यात झाली ती?"

"हो."

"मग आता काय उपयोग? झालेल्या जत्रेची बातमी म्हणजे शिळी भाकर. पुढच्या वर्षी जत्रेच्या आधी या."

पुढच्या वर्षी! दादाने मला दिलेली मुदत पुढच्याच जत्रेपर्यंत होती. ते मी त्याला सांगायला गेलो, पण तो पाठ फिरवून कुणालातरी 'क्रिकेटचं आलं का' म्हणून ओरडत होता.

एक वर्ष मी भाषणाची तयारी केली. श्रोता म्हणजे बायको. ती तांदूळ निवडायला बसली की मी समोर उकिडवा बसायचो.

"पोर्तुगीजांच्या अमदानीत आमचे पूर्वज…"

"ते कशाला?"

"पार्श्वभूमी."

"छत्रीवाल्याला हीच सांगितली होती ना?"

मी पार्श्वभूमी काढली. मग केळ्याचे गुण घातले. ती म्हणाली वैद्यासारखं वाटतं. गुण काढले, कष्ट घातले. भर उन्हात मांडवाशी उभं राहणं, आभाळ आलं की धावपळ. ती हसायलाच लागली. "उन्हात तुम्ही कुठे उभे राहता? तुम्ही फणसाच्या सावलीत बसता. उन्हात मी असते." मी कष्टही काढले. शेवटी भाषणात 'साहेब, नमस्कार' एवढंच उरलं.

गणपती गेले, पितृपक्ष आला, तसा मी पुन्हा मुंबईला गेलो. या खेपेला हातात काही नव्हतं. मागच्या वर्षीची सुकेळी केव्हाच संपली होती, नवी अजून झाडावर. उपसंपादक तोच, पेन्सिल तीच. त्याने मला ओळखलं नाही, पण माझ्या रिकाम्या हातांकडे बघून काहीतरी आठवल्यासारखं केलं.

"बातमी काय?"

मी तोंड उघडलं आणि वर्षभर घोटलेलं सगळं विसरलो. उन्हातून आलो होतो, घसा कोरडा होता, आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता. त्याचा, दादरवाल्याचा, दादाचा, खजूर खाणाऱ्या पोरांचा.

"बातमी कसली? पुढच्या वर्षी आमची सुकेळी मिळणार नाही, ही बातमी!"

त्याने पेन्सिल कानावरून काढली.

"का नाही मिळणार?"

"झाडंच काढणार आहेत."

"कोण?"

"माझाच भाऊ."

"बसा ना," तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा. चहासुद्धा आला. मी म्हणत होतो की माल चांगला आहे, तर मला खालच्या मजल्यावर पाठवत होते. तोच माल मरायला टेकला म्हटल्यावर बशीतून चहा. ही विद्या आधी कुणी शिकवली असती तर मी वर्षभर बायकोचे तांदूळ खराब केले नसते. ऐकण्याच्या नादात तिच्याकडून खडे राहून जायचे, आणि ते नेमके दादाच्या दाताखाली यायचे.

जत्रेच्या आधी आपला एक बातमीदार पाठवतो, असं त्याने कबूल केलं. मी तरंगत घरी आलो.

बातमीदार आला तो दिवाळीनंतरच्या एका सकाळी, विरारहून टांग्याने. तरुण, गोरा, पायात नवे बूट. वाडीतल्या पाटाचा चिखल बघून तो जागीच उभा राहिला. मी त्याला हात धरून पलीकडे आणलं. माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. आधी मांडव दाखवायचा, मग सुकेळी खायला द्यायची, मग दादाने दोन शब्द सांगायचे की धंदा कसा अडचणीत आहे. तीनच गोष्टी. एवढ्या तर माझ्या हातूनही व्हाव्यात.

पहाटेपासून आभाळ भरून आलं होतं. पाऊस नव्हता, नुसतं सावट. पण वाळत्या सुकेळीला तेवढंही पुरतं, बुरशी धरते. आईने सगळी मांडवावरून काढून माजघरात नेऊन ठेवली होती, वर घोंगड्या टाकून. आम्ही पोचलो तेव्हा मांडवावर रिकाम्या चटया आणि एक कावळा.

"इथे वाळवतात," मी म्हणालो.

"काय?"

"सुकेळी."

"कुठे आहे?"

"घोंगडीखाली."

तो माजघराकडे निघाला तशी आई उंबऱ्यात आडवी आली. "बुटानी आत कोन जातं रं? आनि आता घोंगडी काढायची नाय. घाम सुटलाय तिला." त्याने माझ्याकडे पाहिलं. केळ्याला घाम कसा सुटतो, हे त्याला समजवायला मी सुरुवात केली, पण ते पार्श्वभूमीकडे जायला लागलं, म्हणून सोडलं.

बरं, खायला तरी द्यावी. डब्यात पहिल्या घाण्याची तयार सुकेळी होती, पुडे बांधलेले होते. मी आईला हळूच म्हटलं, "आये, एक पुडा काढ." आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिची बांगडी मागितली. आमच्या घरची रीत होती. नव्या सुकेळीचा पहिला पुडा जत्रेला देवापुढे ठेवायचा. त्याच्या आधी कुणी चाखायची नाही, अंगावर पिणाऱ्या पोरालासुद्धा बोट चाटवायचं नाही. ही रीत मला ठाऊक नव्हती का? जन्मापासून पाळत आलो होतो. पण जत्रेच्या आधी बातमीदार पाठवतो, असं उपसंपादक म्हणाला तेव्हा मी नुसता हो म्हणालो होतो. जत्रेच्या आधी म्हणजे देवाच्याही आधी, हे डोक्यात आलंच नाही.

"आये, मुंबईहून आलाय तो. यासाठीच आलाय."

"देव काय परगावचा हाय? त्यानं थांबायचं आनि ह्यानं खायचं?"

बातमीदाराला मी म्हटलं, "आत्ता चाखता येणार नाही. पण लागते गोड." त्याने ते लिहून घेतलं नाही.

आता सगळी भिस्त दादावर. दादा वाडीतून आला, हातपाय धुतले, ओटीवर बसला. बातमीदाराने पहिल्यांदाच कागद उघडला. "ऐकलं की तुमचा सुकेळीचा धंदा बसत चाललाय. तुम्ही झाडं काढणार आहात?"

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग पागोटं सारखं केलं.

"कोण म्हणतं?" तो म्हणाला. "धंदा उत्तम चाललाय. मागणी भागवता येत नाही. राजेळी काढायला आम्ही काय वेडे आहोत? चार पिढ्यांचा माल आहे."

बातमीदाराने तेवढं मात्र लिहून घेतलं.

नंतर मी त्याला रहाटापाशी गाठलं. "दादा, हे काय सांगितलंस? सगळी बातमीच ती होती!"

"तुला अक्कल आहे का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "घरात लग्नाची पोर आहे. उद्या पेपरात आलं की ह्यांचा धंदा बसला, तर केळव्याची माणसं पोर बघायला येतील? घरातलं घरात. परक्यापुढे रडायचं असतं का कधी?"

ती त्याचीच मुलगी, माझी पुतणी. खांद्यावर घेऊन वाढवलेली. राजेळी वाचवायच्या तर धंदा मरतोय असं सांगायला हवं, आणि धंदा मरतोय असं सांगितलं तर पोरीचं लग्न अडतं. या दोहोंच्या मध्ये बसेल असं एखादं वाक्य असेलही. मला सुचलं नाही.

तोवर बारा वाजून गेले. पाहुणा उपाशी कसा जाणार? मांडव दाखवता आला नाही, सुकेळी देता आली नाही, बातमी तर नाहीच नाही. या सगळ्याची भरपाई घराने जेवणावर केली. अर्नाळ्याच्या कोळणीने सकाळीच ताजे पापलेट आणून टाकले होते. माझ्या बायकोने कांदा-मिरची-कोथिंबीर लावून त्याचं भुजणं केलं, बोंबील तळले, वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. आईने स्वतः आग्रह केला. मघाशी उंबऱ्यात आडवी आलेली तीच आई आता "खा रे बाबा, किती वाळलायस, तुझी आय जेवायला घालत नाय का?" म्हणत वाढत होती. वाळलेलं काही त्याला बघायला मिळालं नव्हतं, तो स्वतःच वाळलेला निघाला. चार भाकऱ्या खाल्ल्या त्याने. मग फणसाखाली बाज टाकून दिली, त्यावर झोपला तो थेट चहाला उठला. जाताना दादाने टांग्यात शहाळी आणि पानाची एक चवड ठेवली. मी सुकेळीबद्दल दोन शब्द बोलायला टांग्यामागे थोडा धावलो. तो हात हलवत होता. त्याला वाटलं, निरोप देतोय.

जत्रेच्या आधीच्या रविवारी छापून आलं. दोन रकाने! विरार स्टेशनावरून अंक आणायला मीच गेलो आणि तिथेच उभ्याने वाचला. मथळा होता, 'वाडीतली एक दुपार'. वाऱ्याबद्दल होतं. रहाटाच्या आवाजाबद्दल होतं. फणसाच्या सावलीबद्दल इतकं होतं की ती सावली माझी आहे, या विचाराने मला थोडं वाईटच वाटलं. मधला अख्खा भाग भुजण्याबद्दल. आणि अगदी शेवटी, 'येथे केळी वाळवण्याचाही धंदा असून तो उत्तम चालला आहे, असे घरचे वडीलबंधू म्हणाले.' संपलं.

जत्रा झाली. देवापुढे पुडा ठेवला, आम्ही चाखली. त्या वर्षी खरंच फार छान उतरली होती, म्हणून जास्तच वाईट वाटलं. मी माल घेऊन दादरला गेलो. दुकानदाराने कात्रण जपून ठेवलं होतं. "आलं की हो छापून!" म्हणाला. "पापलेट कधी आणता?" सुकेळी त्याने मागच्या वर्षापेक्षाही कमी ठेवून घेतली.

मी गाठोडं घेऊन परत आलो आणि दादासमोर ओटीवर ठेवलं. मनातच म्हटलं, आता सांगेल, कुऱ्हाड घे.

दादाने गाठोडं बघितलं. मग म्हणाला, "पेपरात आलंय ना, धंदा उत्तम चाललाय म्हणून?"

"आलंय."

"केळव्याच्या होणाऱ्या व्याह्यांनी वाचलंय. बाजारात मला चारचौघांत विचारलं, काय म्हणे, चार पिढ्यांच्या राजेळी? आता काढल्या तर गावात तोंड कसं दाखवायचं? राहू देत."

"मग माल?"

"तू विक. तुझं काम आहे ते."

म्हणजे राजेळी राहिल्या. घेणारा कुणी नव्हता, धंदा उत्तम चालला होता, आणि तो चालवायचा होता मी. वर्षभर जिने चढून मी हेच मागायला गेलो होतो का? मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. बायको चुलीपाशी बसली होती. शेजारी तो अंक होता, पुतणीने तिला वाचून दाखवलेला. मी सगळी कर्मकथा सांगितली. दादरवाला, पापलेट, व्याही. शेवटी म्हटलं, "त्या बातमीदाराला नुसतं एक सुकेळं चाखायला मिळालं असतं ना, तर त्याने वेगळंच लिहिलं असतं."

तिने फुंकणी खाली ठेवली.

"भुजण्यात खोबरं होतं असं लिहिलंय त्याने," ती म्हणाली. "मी कधी भुजण्यात खोबरं घालते? चार भाकऱ्यांबरोबर खाऊन ज्याला तेवढं कळलं नाही, त्याला तुमच्या एका सुकेळ्याने काय कळणार होतं?"